तारेतून करंट जातो, त्यात संशोधन काय?

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अतिसूक्ष्म तारांमधून वीज कशी वाहते यावर पीएच.डी. करायची म्हणते. मी महावितरणात आहे. तारेतून करंट जातो, त्यात शोधायचं काय उरलं? तिने बी.एड. करावं असं घरी सगळ्यांना वाटतं.
– एक पालक, मानेवाडा

उत्तर : नमस्कार दादा. तुमच्या तारांना ओहमचा नियम चोख लागू पडतो. लांबी अर्धी केली की रेझिस्टन्स अर्धा. मग तार इतकी आखूड केली की इलेक्ट्रॉन कुठेही न धडकता पार जाईल, तर रेझिस्टन्स शून्य व्हायला हवा ना? होत नाही! 1988 मध्ये नेदरलँड्स आणि केंब्रिजमधल्या संशोधकांनी अतिशीत तापमानात सेमीकंडक्टरमधली वाट व्होल्टेज देऊन अरुंद करत नेली. करंट हळूहळू न घटता पायरीपायरीने उतरला. शेवटच्या पायरीवर रेझिस्टन्स सुमारे 12,900 ओहम. हा आकडा फक्त इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक (सूक्ष्म जगाच्या गणितातला एक ठरलेला आकडा) यांवरून ठरतो. इतक्या लहान जागेत इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, आणि अरुंद वाटेत मोजक्याच लाटा मावतात. रेझिस्टन्स तारेच्या आत नसतोच. रुंद भागातून त्या वाटेत शिरताना तो लागतो. मला हे आजही विलक्षण वाटतं, तुमच्या लेकीलाही तेच वाटलं असणार.

आता पोटापाण्याचं. बी.एड. पदवीनंतर कधीही करता येईल, 'जॅम'ची तयारी मात्र आत्ताच सुरू व्हायला हवी. त्या परीक्षेवर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये. केंद्राने 2023 मध्ये याच सूक्ष्म जगाच्या विज्ञानासाठी राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींवर रक्कम मंजूर केली आहे. तरी पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या, आणि मध्येच घरात लग्नाचा विषय निघणार, हे आधीच धरून चाला. पण क्षीण सिग्नल मोजणं, क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं यंत्र) चालवणं, चिप घडवणं हे हातचं कसब चिप उद्योगातही लागतं.

निर्णयाआधी तिला एवढंच विचारा : प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही तर जर्नलमध्ये अपेक्षित आकडा लिहून मोकळी होतेस, की सर्किट सोडवून पुन्हा जोडतेस? पुन्हा जोडत असेल तर तिला अडवू नका. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज भरायला लावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढून आली, की बी.एड.चं तुम्ही तिघं बसून ठरवा.