पीआर लांबलाय, परमिट संपतंय आणि बाळंतपण तोंडावर आलंय: काय करावं?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम रहिवासासाठी, एक्सप्रेस एंट्री या कुशल कामगारांच्या योजनेतल्या सीईसीमधून (कॅनडात काम केलेल्यांचा गट) अर्ज केला. सहा महिने कधीच उलटले, पोर्टलवर बॅकग्राउंड चेक सुरू आहे एवढंच दिसतंय. वर्क परमिट चार महिन्यांनी संपतंय. बायको अर्जात आहे, पण ती सध्या भारतात आहे आणि पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे. तुम्ही विचारताय की तिच्याकडे भारतात जावं का, बाळाचं आता कळवलं तर फाइल अजून मागे पडेल का, आणि थेट कोर्टात जावं का. मी वकील नाही. पण मी स्वतः या वाटेने गेले आहे, आणि त्यानंतर बऱ्याच मराठी मंडळींच्या फाइली त्यांच्या शेजारी बसून वाचल्या आहेत. त्यातून जे कळलं ते सांगते.

बाळाचं आधी, कारण तिथे चूक झाली तर सुधारायला फार वाव उरत नाही. जन्म झाला की कळवायचंच. "पीआर हातात येऊ दे, मग स्पॉन्सर कर" असं कुणी सुचवलं असेल तर अजिबात ऐकू नका. इमिग्रेशन नियमावलीतलं कलम ११७(९)(डी) स्पष्ट आहे. पीआर होताना कुटुंबातली जी व्यक्ती तुम्ही दाखवली नाही आणि म्हणून जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करून, बोलावता येत नाही. मानवतेच्या आधारावर विनंती करता येते, पण तो हक्क नव्हे. बाळाचं नाव घातलं की त्याचा पासपोर्ट, त्याची मेडिकल हे सगळं आलं आणि थोडा वेळ नक्की वाढेल. तो वाढू द्या. जन्मदाखला मिळाला की आयआरसीसीच्या (कॅनडाचा इमिग्रेशन विभाग) वेबफॉर्मवरून पाठवा, पासपोर्ट मागाहून द्या. मंजुरीचा मेल आणि बाळाचा जन्म एकाच आठवड्यात आले, तर आधी बाळाचं कळवा आणि मगच पोर्टलवर पुढची पायरी चढा.

आता जाण्याचं. जा. पीआरचा अर्ज चालू असताना देश सोडला म्हणून अर्ज बाद होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. फक्त दोन तारखा बघा: परमिटची आणि पासपोर्टवरच्या व्हिसा स्टिकरची. परमिट चालू असलं तरी स्टिकर संपलेला असेल तर परतताना विमानात बसू देणार नाहीत. दोन्ही चालू असतील तर हीच जाण्याची योग्य वेळ आहे. नंतर परमिट संपेल आणि नव्या परमिटचा अर्ज अजून विचाराधीन असेल, तेव्हा मात्र अडचण होते. मुदत संपण्याआधी अर्ज केलेला असला तर त्याच अटींवर काम चालू ठेवता येतं, याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. पण त्या काळात देशाबाहेर गेलात तर ही सवलत जाते, आणि परत आल्यावर नवं परमिट हातात पडेपर्यंत कामावर जाता येत नाही. म्हणून आधी जाऊन या आणि मग परमिटकडे वळा, हा क्रम मला जास्त सुरक्षित वाटतो. परतीची तारीख अगदी काठावर ठेवू नका.

आल्यावर लगेच ब्रिजिंग ओपन वर्क परमिटचा, म्हणजे पीआरची वाट बघताना कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परमिटचा, अर्ज टाका. एओआर (पीआरचा अर्ज पोचल्याची पावती) मिळालेलं आहे आणि तुम्ही सीईसीचे आहात, तेव्हा एकाच मालकाला बांधलेलं राहायची गरज नाही. एक बारीक गोष्ट लोक विसरतात: तात्पुरत्या रहिवाशांचा सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर ९ ने सुरू होतो आणि त्यालाही परमिटइतकीच मुदत असते. नवं परमिट आलं की तोही अद्ययावत करून घ्या. हेल्थ कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्सचे नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत, तुमच्या प्रांताचे आताच बघून ठेवा. एचआरला मेंटेन्ड स्टेटस माहीत असेलच असं नाही. अर्ज भरल्याची पावती आणि आयआरसीसीचं त्याबद्दलचं पान छापून द्या, म्हणजे परमिट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी धावपळ होत नाही.

मेडिकलची मुदत तपासणीच्या दिवसापासून बारा महिने. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत ती अर्जाबरोबरच द्यावी लागते, त्यामुळे तिची मुदत अर्जाच्याही आधीपासून चालू झालेली असते. ती उलटली तरी घाबरू नका. नवी करा असं पत्र येतं किंवा जुनीच वाढवून मिळते. स्वतःहून धावत जाऊन पुन्हा पैसे भरू नका. बायकोला बाळंतपणाआधीच असं पत्र आलं, तर छातीचा एक्स-रे बाळंतपणानंतर करू अशी मुभा तिला आहे. डॉक्टरांना तसं आधीच सांगायला हवं. फाइल तेवढे दिवस थांबेल, पण पोटातल्या बाळापुढे ते काहीच नाही.

उशीर का होतो, हे थोडं तरी माहीत असावं, नाहीतर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. सहा महिने हे उद्दिष्ट आहे, आणि तेही दहापैकी आठ अर्जांसाठी. उरलेल्या दोघांना किती लागतील याची मुदत नाही. त्यात सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ साठीचं पीआरचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. दार अरुंद झालं की रांग लांबते. याखेरीज फाइलीगणिक कारणं असतात: सुरक्षा तपासणी आयआरसीसी एकटी करत नाही, सीबीएसए (सीमा सुरक्षा) आणि सीएसआयएस (गुप्तचर संस्था) यांच्याकडून उत्तर यावं लागतं. अनेक देशांत राहिलेला माणूस, सैन्यात किंवा सरकारी नोकरीत काम केलेला माणूस, यांना जास्त वेळ लागताना मी पाहिलंय. आपल्याकडे नावांचाही घोळ असतो. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्या कागदावर, वडिलांचं नाव कधी मधलं तर कधी गायब. तुमचा शेड्यूल ए, म्हणजे आजवर कुठे काय केलं याचा तपशील भरलेला भाग, एकदा शांतपणे वाचा. त्यात मधला एखादा महिना सुटलेला असेल तर कुणी विचारायची वाट न बघता खुलासा पाठवा.

खरी परिस्थिती कळायची असेल तर पोर्टल सोडा आणि जीसीएमएस नोट्स, म्हणजे तुमच्या फाइलवरच्या विभागाच्या आतल्या नोंदी, मागवा. कॅनडाच्या माहिती अधिकारातून अर्ज करायचा, फी पाच डॉलर, कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ती मुदत वाढवून मागतात, हेही गृहीत धरा. येतात ती बरीच पानं असतात, मधेमधे झाकलेल्या ओळी असतात, पण तुम्हाला एकच जागा शोधायची आहे: इलिजिबिलिटी, क्रिमिनॅलिटी, मेडिकल, सिक्युरिटी यांच्यासमोर काय लिहिलंय. इलिजिबिलिटी पास आणि सिक्युरिटी चालू असेल, तर तुमच्या कागदांत खोट नाही, बाहेरच्या उत्तराची वाट आहे. सिक्युरिटीसमोर 'सुरू नाही' असेल, तर सुरक्षा तपासणी अजून सुरूच झालेली नाही, आणि प्रश्न विचारायला तुमच्याकडे कारण आहे. अधिकाऱ्याच्या नोंदींच्या तारखाही बघा. शेवटची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची असेल तर ती लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

वेबफॉर्म मोजकेच भरा. "स्टेटस काय" या प्रश्नाला "प्रक्रिया सुरू आहे" हेच उत्तर येणार. त्याऐवजी नेमकं विचारा: अमुक तारखेला इलिजिबिलिटी पास झाली, सुरक्षा तपासणी पाठवली का? आणि तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराच्या ऑफिसात जा. तुम्ही मतदार नसलात तरी तिथे राहता, एवढं पुरतं. संमतीपत्रावर सही घेतात आणि त्यांचा माणूस थेट विभागाकडे चौकशी करतो. ते फाइल ओढून वर आणू शकत नाहीत. पण अडलंय कुठे, हे पुष्कळदा कळतं, आणि पैसे लागत नाहीत.

मनाचं काय करावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री दोनला पोर्टल उघडता असं लिहिलंत म्हणून सांगते. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्याच दिवशी बघा, मंजुरीचा मेल तसाही येतोच. टेलिग्रामवरच्या तारखांच्या याद्या बंद करा. तुमच्या नंतर अर्ज केलेल्या मित्राचं आधी झालं यातून तुमच्या फाइलबद्दल काहीही कळत नाही. घरच्यांना "लवकरच होईल" म्हणू नका, दर फोनला तोच प्रश्न येतो. "तारीख सांगता येत नाही, झालं की मीच सांगेन" असं एकदा स्पष्ट सांगितलं की त्यांनाही हायसं वाटतं. आणि ज्या गोष्टींना पीआर लागत नाही, त्या अडवून ठेवू नका: चांगलं घर, परवान्याची परीक्षा, बाळाची खोली.

कोर्ट शेवटी. फेडरल कोर्टात मॅन्डॅमस मागता येतो, म्हणजे निर्णय द्या असा आदेश, मंजुरीचा नव्हे. कोनिल नावाच्या जुन्या खटल्याच्या निकालापासून कोर्ट तीन गोष्टी बघतं: कामाच्या स्वरूपाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेला आहे का, उशिराला अर्जदार जबाबदार नाही ना, आणि विभागाकडे समाधानकारक कारण आहे का. दाखल करायची फी ५० डॉलर, वकिलाचे मात्र काही हजार होतात. कोर्टात गेल्याचा डूख धरून अर्ज नाकारतात, ही भीती बाळगू नका. दावा लागल्यावर सुनावणीआधीच निर्णय आलेली प्रकरणं आहेत. पण तुम्ही आज जाऊ नये असं मला वाटतं. नोट्स हातात नाहीत, आणि बाळाची भर पडणार असल्याने विभागाला उशिराचं कारण आयतं मिळेल. बाळाची मेडिकल पास होऊन नंतरही बरेच महिने काही हललं नाही, तर नोट्स, खासदाराच्या ऑफिसचं उत्तर आणि तुमचे वेबफॉर्म तारखेनुसार लावून वकिलाकडे न्या.

आणि वैतागून अर्ज मागे घेऊन नव्याने करायचा विचार येत असेल, तर आधी वय मोजा. सीआरएसमध्ये (एक्सप्रेस एंट्रीची गुणपद्धत) तिशीपासून दर वाढदिवसाला गुण कमी होतात, आणि मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे गुणही गेलेत. आज तुमच्या हातात असलेलं आमंत्रण पुन्हा मिळेलच असं नाही.