आईच्या वृद्धाश्रमाच्या फीसाठी तिच्या फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्गेज घ्यावं का?

नाही, आई कायमची वृद्धाश्रमात राहणार असेल तर रिव्हर्स मॉर्गेज उपयोगाचं नाही. फ्लॅट भाड्याने द्या. रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे घर बँकेकडे गहाण ठेवून त्यावर हप्त्याहप्त्याने पैसे घेणं, आणि हे कर्ज राहत्या घरावरच मिळतं. नॅशनल हाउसिंग बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्जदाराने घर कायमचं सोडलं, म्हणजे सलग वर्षभर तिथे राहिला नाही, की कर्ज वसुलीला येतं. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे हवेत, त्याच कारणाने ते बंद होणार. वडील सहकर्जदार असतील आणि त्याच घरात राहणार असतील, तर मात्र विचार करता येईल.

भाडं कमी पडलं तर आईच्या ठेवी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवा. मर्यादा 30 लाख, सध्याचा दर 8.2 टक्के, पूर्ण रक्कम गुंतवली तर तिमाहीला 61,500 रुपये व्याज मिळतं. आरोग्य विम्यावर मात्र विसंबू नका, तो राहण्या-जेवणाचा खर्च देत नाही.

आणि कृपा करून प्रवेशाआधी हे लेखी घ्या:
- अनामत किती परत मिळणार, कधी
- फी दरवर्षी किती वाढणार
- आई अंथरुणाला खिळली तर आयाचे पैसे वेगळे द्यावे लागतील का