स्पॅनिशच्या वहीचे पहिले पान

प्रश्न : माझ्या मुलीने सहावीत स्पॅनिश घेतले असून वहीचे पहिले पान सजवून आणायचे आहे. स्पेनच्या झेंड्यापलीकडे आम्हाला काही सुचत नाही. काय काढावे?
– एक पालक, पुणे

उत्तर : झेंडा अवश्य काढावा, मात्र स्पॅनिश ही मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आणि आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीतही, अशी एकूण 20 देशांची अधिकृत भाषा आहे, हे तिला नकाशात आधी दाखवावे. माझ्या मते पानाच्या मध्यभागी या भाषेचे खास अक्षर, म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘एन’, ठसठशीत काढावा. मध्ययुगात लेखनिक जागा वाचवण्यासाठी जोड ‘न’मधला एक ‘न’ दुसऱ्याच्या डोक्यावर बारीक लिहीत आणि त्याचीच पुढे ही रेघ झाली. त्याचा उच्चार आपल्या ‘ञ’सारखा असल्याने मराठी मुलांना तो सहज जमतो. शेजारी वाक्यारंभी येणारे उलटे प्रश्नचिन्हही शोभेल.

कडेसाठी मेक्सिकोतील ‘पापेल पिकादो’ करावे. आकाशकंदिलाला लावतो तो पातळ रंगीत कागद चार घड्या घालून कातरला, की उलगडताना जाळी दिसते. तिच्या पताका वरच्या कडेला चिकटवाव्यात. डिंक बोटाने अगदी पुसटसा लावावा, नाहीतर कागदाचा रंग पानावर उतरतो. कातरकाम मात्र तिचे तिलाच करू द्यावे, जाळी थोडी वाकडी आली तरी चालेल.