शेवट माहीत असलेले सिनेमे

प्रश्न : ताई, तुम्ही मागे एका उत्तरात ‘उपप्रकार’ असा शब्द वापरला होता. विनोदी, सामाजिक, रहस्यपट हे प्रकार कळतात. मग उपप्रकार म्हणजे काय? आणि तुमच्या आवडीचे कोणते? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज वाद होतो.
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तू विद्यार्थिनी आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. रहस्यपट हा प्रकार झाला. पण त्यात खून कोणी केला हे शेवटपर्यंत लपवणारा सिनेमा वेगळा आणि पहिल्या पाच मिनिटांत खुनी दाखवून टाकणारा वेगळा. दोन्हींच्या तिकिटाचे पैसे सारखे, पण खुर्चीत बसल्यावर आपण ज्याची वाट बघतो ती गोष्ट निराळी. आपण कशाची वाट बघत बसलोय, हे ज्यावरून ठरतं तो उपप्रकार. माझी व्याख्या एवढीच आहे.

आता आवडीचं. मला शेवट आधी माहीत असलेले सिनेमे आवडतात. संतपट, तमाशापट आणि खुनी आधीच दाखवणारे रहस्यपट. असे तीन वेगळे कप्पे एकाच माणसाच्या आवडीत कसे, असं तुला वाटेल. त्याचं कारण माझ्या लहानपणात आहे.

माझे वडील पेठेतल्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, अर्धं प्रेक्षकाला द्यायचं, अर्धं खोक्यात टाकायचं आणि उशिरा आलेल्याच्या पायाशी बॅटरीचा झोत धरून त्याला जागेवर पोचवायचं, हे त्यांचं काम. मी शाळा सुटली की घरी दप्तर टाकून त्यांचा संध्याकाळचा डबा घेऊन जायची. तीनचा खेळ सहाला सुटायचा. मी पोचायची सव्वापाचला. बाबा दाराचा जाड काळा पडदा हाताने बाजूला करायचे आणि मी भिंतीला पाठ लावून आत उभी राहायची. म्हणजे शाळेतली सगळी वर्षं मी सिनेमांचा फक्त शेवटचा पाऊण तासच बघितला. आठवडा सिनेमा चालला, तर तोच शेवट सहा वेळा.

आणि सुरुवात? ती रात्री बाबा सांगायचे. जेवताना. त्यांनीही ती पूर्ण पाहिलेली नसायची, कारण दारावरच्या माणसाला खुर्ची नसते. पडद्याआडून संवाद ऐकू यायचे, मधून मधून डोकावायला मिळायचं. त्यामुळे त्यांच्या गोष्टीत आवाज फार असायचे. “मग दार वाजतं,” “मग ती बाई खूप वेळ बोलतच नाही,” असं.

‘पिंजरा’ लागला ते साल 1972. मी आठ वर्षांची. व्ही. शांतारामांचा सिनेमा, डॉ. श्रीराम लागू आणि संध्या. मला दिसला तो थेट शेवट : एका मास्तरांचा खून झालाय म्हणून शिक्षा होतेय, आणि ज्याला शिक्षा होतेय तोच मास्तर आहे. मला काही केल्या कळेना. मेलेला माणूस स्वतःच्या खुनाबद्दल कसा पकडला जाईल? त्या रात्री बाबांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सगळं समजावलं. गावाला शिस्त लावणारा मास्तर तमाशातल्या बाईपायी कसा घसरत गेला, गावासाठी ‘तो मास्तर’ मेलेलाच राहिला पाहिजे असं त्याला का वाटलं. ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मी तोच शेवट पुन्हा बघितला, तेव्हा लागूंच्या गप्प चेहऱ्याकडे बघून रडले. आदल्या दिवशी तोच चेहरा मला कोरा वाटला होता. माझ्या आवडीची सुरुवात तिथे झाली, असं मी आजही मानते.

तमाशापटाबद्दल म्हणूनच जरा जास्त लिहिते. ढोलकीवर थाप पडली की पुढे काय होणार, ते आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. फडावरच्या बाईला घर मिळणार नाही, किंवा मिळालं तर टिकणार नाही. 1959 साली आलेला अनंत मानेंचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद टॉकीजला दोन वर्षांहून जास्त चालला, असं आमच्या घरातली मोठी माणसं अभिमानाने सांगायची. ‘बुगडी माझी सांडली गं’ त्यातलंच : शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशाबाईंचा आणि पडद्यावर जयश्री गडकर. त्याच सिनेमात हंसा वाडकरही आहेत. आता ही गंमत बघ. 1941 च्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत सखू’मधली सखू म्हणजे याच हंसाबाई, आणि 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’तली तमासगीर बयासुद्धा याच. एकच बाई पंढरीच्या वाटेवर आणि फडावर. दोन्हीकडे प्रेक्षकांनी तिला मनापासून मानलं. पुढे त्यांनी स्वतःचं आयुष्य सांगितलं, त्या पुस्तकाचं नावही ‘सांगत्ये ऐका’च, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये स्मिता पाटीलला घेऊन ‘भूमिका’ केला. संतपट आणि तमाशापट हे माझे दोन आवडते कप्पे मला एकमेकांपासून लांब वाटत नाहीत, त्याला हंसाबाई मोठं कारण आहेत.

‘नटरंग’ आला 2010 मध्ये. त्यात फडावर बाईच्या जागी नाच्या झालेला पुरुष मध्यभागी आहे. जुन्या उपप्रकाराला नव्या दिग्दर्शकाने हात घातला की काय होतं, हे तुला बघायचं असेल तर ‘पिंजरा’ आणि ‘नटरंग’ एकाच आठवड्यात बघ.

संतपटाचं तर विचारूच नकोस. तुकोबा शेवटी वैकुंठाला जाणार, हे देहूच्या वाटेवरच्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी दामले-फत्तेलालांचा 1936 चा ‘संत तुकाराम’ लावला की मी उठत नाही. प्रभात कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच आवारात हा सिनेमा तयार झाला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकारामाच्या भूमिकेत आहेतच, पण माझा जीव गौरीबाईंच्या जिजाईवर आहे. मुलगा तापाने फणफणलाय, नवरा भजनात. ती पोराला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलासमोर उभी राहते. संतपटात देवाला जाब विचारणारी बाई! दिग्दर्शकांनी त्या बाईला मूर्ख दाखवलेलं नाही, खाष्टही दाखवलेलं नाही. तिची म्हैस, तिची चूल, तिची पोरं, सगळं खरं आहे. त्यामुळे नवरा वैकुंठाला निघतो, तेव्हा माझे डोळे गरुडावरून पुन्हा पुन्हा खाली, जिजाईकडे जातात.

त्यातलं ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचा अभंग वाटतो. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे, चाल केशवराव भोळ्यांची. गाथेत शोधू नकोस, सापडणार नाही.

प्रश्न : आमचे चिरंजीव सिनेमा बघून आले की जेवणाच्या टेबलावर शेवट सांगून मोकळे होतात. मग आम्ही कशाला तिकीट काढायचं? तुम्ही तर शेवट माहीत असण्याचं कौतुक करता, असं तुमच्या लिखाणातून वाटतं. हे पटत नाही.
— एक ज्येष्ठ नागरिक, सहकारनगर

उत्तर : काका, चिरंजीवांचं चुकतंच. न विचारता शेवट सांगू नये. मी शेवट माहीत असण्याची बाजू घेते ती दिग्दर्शकानेच तो हातात दिलेला असेल तेव्हा.

आल्फ्रेड हिचकॉक या रहस्यपटांच्या दिग्दर्शकाने दिलेलं उदाहरण सांगते. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारतायत. खाली बॉम्ब आहे, पण आपल्याला माहीत नाही. तो फुटला की आपण पंधरा सेकंद दचकतो. आता तेच दृश्य पुन्हा घ्या, फक्त बॉम्ब आपल्याला आधी दाखवा आणि भिंतीवर घड्याळ टांगा. गप्पा त्याच, पण आता पंधरा मिनिटं आपला जीव टांगणीला. ‘अरे उठा तिथून’ असं ओरडावंसं वाटतं.

1948 चा त्याचा ‘रोप’ बघा. सुरुवातीलाच दोन तरुण मित्राचा गळा आवळून त्याला एका पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर जेवणाची ताटं मांडून पाहुण्यांना बोलावतात. पाहुण्यांत मेलेल्या मुलाचे वडीलही असतात. त्यात कोणी वाढून घ्यायला पेटीजवळ गेलं, की मला अजून घाम फुटतो. कॅमेऱ्यात तेव्हा हजार फूट फिल्म मावायची, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. त्या बेताने हिचकॉकने लांबच लांब शॉट घेतले. आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरकाकांच्या खोलीत फिल्मचे डबे रचलेले असायचे. हजार फूट म्हणजे केवढं भेंडोळं, ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्याकडचं हवं असेल तर ‘दृश्यम’. 2013 चा मूळ मल्याळम जीतू जोसेफचा, 2015 चा हिंदी आपल्या निशिकांत कामतांचा. काय घडलं ते प्रेक्षकाला माहीत आहे, पोलिसांना नाही. दोन तास आपण गुन्हा लपवणाऱ्याच्या बाजूने देवाला हात जोडतो. एक गोष्ट मात्र त्यातही शेवटासाठी राखून ठेवली आहे. ती चिरंजीवांकडून ऐकू नका.

प्रश्न : तुमच्या सदरात भुताचे सिनेमे कधीच नसतात. का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : अंधारात एकदम किंचाळून दचकवणारे मला आवडत नाहीत. वाडा, झोपाळा, लांबून येणारं गाणं, एवढ्यावर भागणारे आवडतात. 1949 चा कमाल अमरोहींचा ‘महल’ रात्री एकट्याने बघा. ‘आएगा आनेवाला’ सुरू होतं तेव्हा गाणारी बाई आपल्याकडे चालत येतेय, असं आवाजावरूनच वाटतं.

प्रश्न : जुने मराठी सिनेमे मोबाइलवर बघून समाधान होत नाही. पुण्यात मोठ्या पडद्यावर कुठे बघायला मिळतात? आणि तुम्ही शेवटचा कोणता बघितलात?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. 1964 मध्ये ते सुरू झालं आणि पी. के. नायरांनी आयुष्य खर्चून, देशभर हिंडून तिथे रिळं गोळा केली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची शिल्लक राहिलेली रिळं आज आपण बघू शकतो, ती त्यांच्यामुळे. तिथे गेलात तर वेळेआधी जा, मागून तिसरी-चौथी रांग धरा.

शेवटचा म्हणून नाही, पण तिथला लक्षात राहिलेला खेळ सांगते. ‘संत तुकाराम’ होता. बाबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत सलग, खुर्चीत बसून बघितलेला त्यांचा हा पहिलाच ‘तुकाराम’. सुरुवातीचा अर्धा तास मागे दार उघडल्याचा आवाज झाला की ते मान वळवून बघायचे आणि त्यांचा उजवा हात बॅटरी धरल्यासारखा वर यायचा. जिजाई पोराला घेऊन देवळात शिरली, तेव्हा मागून कोणीतरी उशिरा आत आलं. बाबांनी मान वळवली नाही.