महागड्या दाढीच्या ब्रशची कारागिरी आणि स्पर्श कसा पारखायचा?

तुम्ही लिहिलंय की वाशीच्या मॉलमध्ये नऊ हजारांचा बॅजर ब्रश (बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा) पाहिलात, गालावर फिरवलात, मखमलीसारखा लागला, आणि आता तो खरंच तेवढ्या किमतीचा आहे का ते ठरवायचंय. माझं पहिलं सांगणं हे की गालावर कोरडा फिरवून झालेलं मत बाजूला ठेवा. कोरडेपणी जवळजवळ सगळेच ब्रश मऊ लागतात. बारीक, विरळ केसांचा स्वस्त ब्रश तर जास्तच मऊ लागतो, आणि ओला झाला की भिजल्या कापसासारखा लोळतो. दुकानात तीनच गोष्टी नीट कळतात: नॉट (म्हणजे केसांचा गुच्छ) कसा बसवलाय, केसांची टोकं कशी आहेत, आणि मूठ कशी घडवलीय. बाकीचं पाण्यात उतरल्यावर.

सगळ्यात आधी बसवणी बघा, कारण खरी कारागिरी तिथे असते आणि गिऱ्हाईक तिथेच बघत नाही. ब्रश काचेच्या काउंटरवर उभा ठेवून बुडापाशी धरा आणि सावकाश गोल फिरवा. केसांच्या घुमटाचा माथा एका जागी स्थिर दिसला पाहिजे. तो डुगडुगत असेल तर नॉट तिरका चिकटवलाय. मग मुठीच्या खाचेची कड बघा. केस आणि कड यांच्यात फट, बाहेर आलेला गोंद किंवा बांधणीचा दोरा दिसता कामा नये. आता अंगठा आणि तर्जनीने केस अगदी मुळाशी चिमटीत धरा. आत गोंदाचा कडक गोळा असतोच. तो कडेच्या पातळीला संपायला हवा. कडेच्या वर चार-पाच मिलिमीटर गाठ लागली, तर केसांची तेवढी उंची वाया गेली; शिवाय केस त्या गाठीच्या धारेवर रोज वाकतात आणि काही महिन्यांत तुटायला लागतात. शेवटी घुमट मधोमध उघडून आत बघा. मध्ये पोकळी दिसली तर केस कमी भरलेत. तिथे साबणाचं पाणी साठून वास धरतो.

टोकांसाठी भिंग न्या, किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालेल. चांगला नॉट हाताने बांधतात: केस टोकं खाली करून घुमटाच्या आकाराच्या साच्यात ठोकून बसवतात आणि मुळाकडून बांधतात. त्यामुळे टोकाला कात्री लागतच नाही आणि प्रत्येक केस सुईसारखा निमुळता राहतो. यंत्राने बांधून वरून छाटलेल्या नॉटची टोकं सपाट असतात आणि ती गालाला टोचतात. टोकं आकड्यासारखी वळलेली दिसली, तर बहुधा रसायनाने मऊ केलेले केस आहेत. ते दोष नव्हे. काहींना तो जेलसारखा चिकट मऊपणा फार आवडतो, पण तो केसांचा मूळ गुण आहे असं समजून पैसे देऊ नका.

‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रतींना जगभर मान्य असं एकच मोजमाप नाही. प्रत्येक उत्पादक आपापली नावं देतो. एकाचा ‘सुपर’ दुसऱ्याच्या ‘सिल्व्हरटिप’पेक्षा सरस असू शकतो, म्हणून नावापेक्षा केस बघा. बॅजरचा केस मुळाशी फिकट, मध्ये काळा आणि टोकाला पुन्हा फिकट असतो. पट्ट्याची सीमा केसागणिक थोडी पुढेमागे होते. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर रंगाचा संशय घ्या. ओला पांढरा टिश्यू टोकांवर चोळला की कच्चा रंग उतरतो. गळलेला एखादा केस मिळाला तर काडीने जाळून बघा. खरा केस जळताना केस करपल्याचा वास येतो आणि चुरडणारी राख उरते. कृत्रिम तंतू वितळून कडक मणी होतो. नकली बॅजरचा प्रकार जुनाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरसारखे दिसतील असे घोड्याच्या केसांचे ब्रश विकले गेले, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या केसांमधून अँथ्रॅक्स या जिवाणूंच्या गंभीर रोगाची लागण झाली होती.

आकडे विचारून घ्या किंवा व्हर्नियर कॅलिपरने मोजा. कडेपाशी नॉटचा व्यास 22 ते 26 मिमी हा बहुतेकांना चालणारा टप्पा. कडेपासून टोकापर्यंतची उंची, म्हणजे लॉफ्ट, साधारण 48 ते 55 मिमी. उंचीला व्यासाने भागा. उत्तर दोनच्या आसपास किंवा खाली आलं तर ब्रश ताठ, सव्वादोनच्या वर गेलं तर लवचिक. पण दाटपणा सगळी गणितं बदलतो. सिम्पसन या इंग्लिश ब्रश कंपनीचा ‘चबी’ हा ठेंगण्या, दाट घडणीचा प्रसिद्ध नमुना. असा ब्रश वडीचा कडक साबण झटपट उचलतो, पण फेस पोटात धरून ठेवतो. तुम्ही ट्यूबमधलं क्रीम वापरत असाल तर इतका दाट नॉट घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुठीचं लवकर उरकतं. लांबीच्या दिशेने साच्याची शिवण नखाला लागली तर मूठ लेथवर कातलेली नाही. वजन म्हणजे दर्जा नव्हे. आत धातूचा गोळा घालूनही वजन वाढवता येतं. मानेपाशी बोटावर आडवा ठेवला तर ब्रश तिथेच कुठेतरी तोलला गेला पाहिजे. नाव कोरून रंग भरलेलं असेल तर टिकतं, वरून छापलेलं साबणाने जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकडी आणि शिंगाची मूठ मी सुचवणार नाही. लाकूड खाचेपाशी फुगून तडकतं, शिंगाचे पापुद्रे सुटतात. घट्ट रेझिन (ओतीव प्लास्टिकसारखा पदार्थ) उत्तम.

आता पाण्याची परीक्षा. नवा ब्रश शांपूने दोन-तीनदा धुवा, जनावराचा वास त्यातच कमी होतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. गीझरचं कडकडीत पाणी नको, हाताला सहज सोसेल इतकंच. झटका, तळहातावर उभा टेकवा आणि केस निम्म्यापर्यंत दाबा. टोकं पसरताना मऊ लागली पाहिजेत आणि मध्यावर रेटा जाणवला पाहिजे. हात उचलताच घुमट पुन्हा जुळायला हवा. मग बदामाएवढं क्रीम घेऊन फेस करा आणि गालावर गोल फिरवा. हलकी खरखर जाणवणं वेगळं आणि टोचणं वेगळं: पहिली चांगल्या ताठ बॅजरमध्ये असते, दुसरं माफ करू नका. शेवटी केस मधोमध हलके दाबा. फेस टोकांतून बाहेर यायला हवा.

ही परीक्षा कुठल्या पाण्यात घेता यावर निकाल बदलतो. नवी मुंबईत महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी मऊ आहे, फेस चांगला होतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट चोथा करतात. तो केसांच्या मुळाशी बसला की उत्तम ब्रशही राठ लागतो आणि दोष ब्रशला जातो. पहिली परीक्षा फिल्टरच्या पाण्यात करा. पुढे थर दिसला तर कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवा, नीट खळबळून धुवा. जुलै-ऑगस्टमध्ये बंद बाथरूममध्ये दाट नॉट चोवीस तासांतही वाळत नाही. टॉवेलवर टिपून खिडकीपाशी, वाऱ्यात ठेवा. ओला असताना डबीत कोंडला की बुरशी धरते.

पहिल्या आठवड्यात दहा-वीस केस गळाले तर घाबरू नका, ते बांधणीत सुटलेले असतात. दहा-बारा दाढ्यांनंतरही रोज तीन-चार येत असतील तर गळलेल्या केसाची लांबी मोजा. पूर्ण लांबीचा असेल तर गोंद मुळापर्यंत पोचलेला नाही, म्हणजे उत्पादकाचा दोष; बिल घेऊन बदलून मागा. अर्धवट तुटलेला असेल तर वर सांगितलेली गोंदाची गाठ, फार गरम पाणी किंवा ब्रश पिळण्याची सवय, यातलं काहीतरी आहे. दुकानदार परतीची मुदत दहा दिवसांपेक्षा कमी देत असेल, तर त्याच रकमेत तो ब्रश घेऊ नका. घरात जनावराचे केस चालत नसतील तर चांगला कृत्रिम नॉट घ्या. तो भिजवावा लागत नाही आणि आपल्या दमट हवेत बॅजरपेक्षा कितीतरी लवकर वाळतो.