लिलाँग्वेत चूल कशावर पेटते

ताई, यजमानांच्या नोकरीसाठी मलावीत, लिलाँग्वेला यायचं ठरतंय आणि ‘तिथे गॅस मिळतो ना, की लाकडं जाळावी लागतील?’ असं तुम्ही विचारलंत. मी अकरा वर्षं इथे संसार करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॅस मिळतो, भाड्याच्या बंगल्यांत विजेची शेगडीही असते. पण नुसत्या विजेवर विसंबू नका. देशाची बहुतेक वीज शिरे नदीवर तयार होते. जानेवारी 2022 मध्ये आना चक्रीवादळाच्या पुरात कापिचिरा धरणाचं एवढं नुकसान झालं, की सुमारे 130 मेगावॉटचा तो प्रकल्प वर्षभराहून जास्त बंद राहिला. तेव्हा मी कोळशावर भात शिजवायला शिकले.

इथे लाकडी कोळशाला ‘मकाला’ म्हणतात, सरपणाला ‘न्खुनी’ आणि शेगडीला ‘म्बाउला’. गावातली बहुतेक घरं यांवरच जेवतात. लिलाँग्वे 1975 मध्ये राजधानी झालं, तेव्हापासून वस्ती वाढतेच आहे, आणि तिची चूल पेटते ती झालान्यामाच्या डोंगरांतल्या राखीव जंगलावर. पहाटे त्या रस्त्याला गेलात तर सायकलवाले दिसतील. कॅरियरवर माणसापेक्षा उंच रचलेली कोळशाची पोती, तोंडाला गवत लावून दोरीने शिवलेली. चढ आला की उतरून, अंग रेटून सायकल ढकलतात. त्यांच्याशी घासाघीस करायला माझा जीव होत नाही.

तरीही ते पोतं घेऊ नका, असंच मी सांगेन. परवान्याशिवाय कोळसा पाडणं, वाहणं, विकणं हा इथे गुन्हा आहे. शिवाय लिलाँग्वे नदी त्याच डोंगरांतून येते, आणि आपल्या नळाचं पाणी त्याच नदीवरच्या धरणांतलं. जंगल बोडकं झालं की माती वाहून धरणात येते. हे समजल्यावर मी ‘चितेतेझो म्बाउला’ आणली. भाजलेल्या मातीची साधी चूल, खेड्यांतल्या बायका बनवतात. तीन दगडांच्या चुलीपेक्षा लाकूड बरंच कमी लागतं. लागवडीच्या निलगिरीच्या वाळक्या काटक्यांवर माझं वरण होतं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, तेव्हा फाटी ऑक्टोबरातच भरून आडोशाला ठेवा. ओली फाटी पेटत नाहीत, नुसता धूर करतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते, आणि ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेगडी कायम खोंडेवर, म्हणजे ओसरीवर.

सामानात गॅसचा छोटा बर्नर नको, लोखंडी तवा आणा. इथल्या मक्याच्या पिठाची भाकरी निखाऱ्यांवर छान फुगते. आणि चिमटा नक्की आणा, मनासारखा मला इथे अजून मिळालेला नाही.