घर बांधताना : मुलांच्या खोल्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोव्यात डिचोलीला जांभ्या चिऱ्यांच्या भिंती आणि वर स्लॅब असं दुमजली घर बांधतो आहोत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. वरच्या मजल्यावर दोघांसाठी मिळून १२ बाय १८ फुटांची जागा निघते. आताच दोन खोल्या पाडाव्या की एकच मोठी ठेवावी? घरात दोन तट पडलेत.

उत्तर : बांधताना एकच ठेवा, पण नकाशावर आजच दोन पाडा. १८ फुटांच्या बाजूचा मध्य धरून पेन्सिलीने रेघ ओढली की दोन्हीकडे ९ बाय १२ फूट, म्हणजे १०८ चौरस फूट राहतात. एका मुलाला तेवढी जागा पुरे. मुलगी चौदा-पंधराची झाली की तिला दार लावून घेता येणारी खोली लागेल. तोवर धाकट्याला खेळायला सलग जमीन मिळते. चतुर्थीला माणसं जमली की गाद्याही इथेच पडणार, हे वेगळं सांगायला नको.

आता या रेघेच्या दोन्ही बाजूंना काय हवं ते पाहा. प्रत्येक अर्ध्या भागाला स्वतःची खिडकी हवी. एकच आठ फुटी खिडकी बरोबर मध्यावर आली, तर पुढे पार्टिशन काचेवर येऊन थांबेल. म्हणून चार-चार फुटांच्या दोन खिडक्या घ्या आणि मधे किमान दोन फूट भरीव भिंत सोडा. दुसरं दार आज नको असलं तरी त्यावरचं लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, आजच घाला. खालची जागा भरताना चिरे शेजारच्या भिंतीत गुंतवू नका, दोन्ही कडांना सरळ उभा सांधा ठेवा. म्हणजे वेळ येईल तेव्हा तेवढाच भाग निघेल, बाकी भिंतीला हादरा बसणार नाही.

सर्वात जास्त फसगत पंख्याची होते. खोलीच्या मधोमध एक हूक सोडला, तर तो नेमका पार्टिशनच्या डोक्यावर येतो. स्लॅब भरण्याआधी दोन्ही भागांच्या मध्यावर एकेक हूक आणि त्याची पाइप टाकून घ्या. दोन्ही दारांशी स्वतंत्र स्विचबोर्ड, खिडकीजवळ अभ्यासाच्या टेबलासाठी दोन पॉइंट आणि एसीसाठी बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेलं भोक, एवढं आजच करून ठेवा. खालचे प्लग शटरवाले (भोकांवर झडप असलेले) घ्या आणि या भागाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा.

पार्टिशन पुढे कशाचं करायचं, तेही आताच ठरवा. १० फूट उंच, १२ फूट लांब अशी साडेचार इंची विटांची भिंत गिलाव्यासकट अडीच ते तीन टन भरते. खाली बीम नसेल तर ती नंतर स्लॅबवर चढवू नका. पत्र्याच्या चौकटीवर बोर्डाचं पार्टिशन साधारण तिच्या दहाव्या हिश्श्यात बसतं. आत ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) भरलं की आवाजही बराच अडतो. बोर्ड ओलाव्याला टिकणारा घ्या, आणि फरशीलगतच्या फूटभर पट्टीला सिमेंट बोर्ड लावा, कारण पावसाळ्यात फडकं मारताना पाणी तिथेच मुरतं.

तोवर आडोसा म्हणून दोन कपाटं पाठीला पाठ लावून ठेवता येतील. मात्र ती जमिनीला आणि एकमेकांना बोल्टने जखडा. मुलं खण उघडून त्यांच्यावर पाय देऊन चढतात, आणि सुटं कपाट पुढे कलंडतं.

दार कोपऱ्याला चिकटवू नका. कोपऱ्यापासून सव्वादोन फूट सोडून चौकट बसवली, तर दारामागे दोन फूट खोल कपाट बसतं. बहुतेक नकाशांत तिथे चार इंचांची पट्टी सोडलेली असते आणि तो कोपरा कायमचा वाया जातो.

बंक बेडचा विचार असेल तर आधी हिशेब करा. वरची गादी साडेपाच फुटांवर आणि तिच्यावर चार फुटी मूल उभं राहिलं, तर डोकं साडेनऊ फुटांवर जातं. दहा फुटी स्लॅबखालच्या पंख्याची पाती त्याच्याही खाली फिरत असतात. शिवाय सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये. म्हणजे तुमच्या धाकट्यासाठी सध्या तो प्रश्नच नाही.

प्रश्न : पर्वरीला डुप्लेक्स बांधतोय, मुलगी दीड वर्षाची आहे. जिन्याला आणि बाल्कनीला स्टीलच्या आडव्या पाइपांचा कठडा सुचवलाय. दिसायला छान आहे. चालेल का?

उत्तर : नको. आडवे पाइप म्हणजे मुलासाठी तयार शिडी. उभे गज घ्या आणि दोन गजांमधली मोकळी जागा १०० मिमीपेक्षा जास्त ठेवू नका. फट मोठी असली की मुलाचं अंग पायांकडून सरकतं आणि डोकं अडकतं.

उंची किमान ११०० मिमी ठेवा, आणि ती पाय ठेवता येईल अशा शेवटच्या जागेपासून मोजा. बाल्कनीच्या कडेला सहा इंचांचा उंचवटा बांधून त्यावर कठडा बसवतात. मूल त्या उंचवट्यावर उभं राहिलं की कठड्याचे सहा इंच गेले. बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरच्या, सोप्यालाही (बसायच्या बाकालाही) हाच हिशेब लागू. लाद्या नंतर बसणार असतील तर त्यांची आणि मसाल्याची मिळून दोन इंच जाडीही धरा.

जिन्याची पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद ठेवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. लाद्यांची जाडी न धरता सांगाडा भरला की पहिली किंवा शेवटची पायरी कमी-जास्त होते आणि पाय तिथेच अडखळतो. वळणाला त्रिकोणी पायऱ्यांऐवजी चौकोनी सपाट टप्पा (लँडिंग) घ्या. मोठ्यांच्या रेलिंगखाली, पायरीपासून साधारण दोन फुटांवर, लहान मुलांसाठी दुसरी रेलिंग बसवा. मूल जिन्यावर जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला लावायचं फाटक भिंतीत स्क्रूने बसणारं आणि मजल्याच्या बाजूला उघडणारं हवं. जिन्याच्या दिशेने उघडणारं फाटक तोल घालवतं, आणि नुसतं दाबून बसवलेलं धक्क्याने सुटतं. समुद्र जवळ असेल तर स्टील ३१६ दर्जाचं घ्या. ३०४ वर खारट हवेने तपकिरी डाग उमटतात.

प्रश्न : मडगावला राहतो. मुलांच्या कपाटात दर जुलैत कपड्यांना बुरशी येते. नवीन घरात हे कसं टाळावं?

उत्तर : नैऋत्येचा वारा पाऊस दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर मारतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे भिंत आत भिजते, आणि टेकलेलं कपाट तिला सुकूच देत नाही. म्हणून नवीन नकाशात कपाट आतल्या भिंतीला लावा. ते जमत नसेल तर मागे दोन इंच फट आणि खाली चार इंच उंच बैठक द्या. पार्टिकल बोर्ड घेऊ नका. आयएस ७१० छापाचा (पाण्याला टिकणारा, मरीन) प्लाय घ्या आणि पाठीच्या फळीला भिंतीकडच्या बाजूनेही लॅमिनेट लावून घ्या. ती बाजू दिसत नाही म्हणून सुतार कोरी सोडतो आणि ओल तिथूनच शिरते. त्या भिंतीच्या खिडक्यांवर दोन फुटांची छज्जी हवी. कपाटात बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती मुलांच्या कपाटात वापरू नका, कपडे त्याला टेकले तर आगीचा धोका असतो.

प्रश्न : अभ्यासाचं टेबल किती उंच असावं? सुतार म्हणतो, अडीच फूट सगळ्यांना चालतं.

उत्तर : अडीच फूट हे मोठ्या माणसाचं माप. १२० ते १४० सेंमी उंचीच्या मुलाला टेबल ५९ आणि खुर्चीची बैठक ३५ सेंमी लागते. १५० ते १७५ सेंमीच्या मुलाला ७१ आणि ४३. टेबलाची फळी भिंतीतल्या खाचांच्या पट्ट्यांवर टेकवली, तर मूल वाढेल तशी ती वर नेता येते. चिऱ्यात स्क्रूचे लहान प्लग सैल पडतात. निदान चार इंची फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट) वापरा, आणि ते सांध्यात नव्हे तर चिऱ्याच्या मध्यावर ठोका. टेबल आधीच उंच करून झालं असेल तर खुर्ची वर घ्या आणि तळपाय पूर्ण टेकतील असा पाट खाली ठेवा.